बोअर सहा

पंप बंद पडून एकोणतीस वर्षं झाली.
उरलाय सिमेंटचा ओटा, भेगेत रानमोहरी,
आणि सस्कॅचेवानचा वारा,
ज्याला अडवायला इथे काही नाही.

ड्रिल तिसऱ्या मीटरखाली उतरतं तेव्हा
माती रंग टाकते : तपकिरीची करडी,
करडीची हिरवट काळी.
मी हातमोज्यात ढेकूळ फोडते.
वास ताजा,
जणू आत्ताच कुणी टाकी फुल करून गेलं.
बरणीत दाबून भरते. झाकण, चिठ्ठी, बर्फ.
बोअर सहा. तीन मीटर साठ.

ओरेस्ट वासिलिक कुंपणाशी उभे, वय अठ्ठ्याऐंशी.
"फुटली कुठे होती?"
फुटली नाही, मी म्हणते. परवा टाकी वर काढली,
तळाला सुईच्या टोकाएवढं भोक.
त्याला कसली घाई नव्हती.

ते बोटांवर काहीतरी मोजतात.
"रोज रात्री काठी बुडवून मापायचो.
वहीत दोन गॅलन कमी. रोज दोन.
एक पोऱ्या होता कामाला, लिओनेल डेजार्ले,
सतराचा. पगार न देता हाकलला.
का हाकलला, तेही गावभर सांगितलं."

सोमवारी पोकलेन येईल.
चारशे टन माती ट्रकांतून जाईल,
खड्ड्यात धुतलेली वाळू,
आणि अहवालात थेंबाथेंबाचा हिशेब,
दशलक्षात किती भाग, इथवर.

"त्याचा पत्ता मिळेल का कुठे?"
ते विचारतात. मला,
जिच्याकडे नकाशा आहे फक्त
जमिनीखालचं पाणी कुणीकडे सरकतंय याचा.