शेऱ्याचा रकाना

पहिल्या आराखड्यात एकोणीस गावं होती.
बेचाळीस दिवस, एकोणीस गावं.
पट्टी धरून रेघा मारल्या मी,
स्वारगेट डेपोत एकतीस वर्षं मारल्या तशाच:
सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, शेरा.
कालिंदी चष्मा पुसत म्हणाली,
"सहल आहे की कात्रजची फेरी?"

ब्राझील जेवणाच्या टेबलावर मावत नाही.
वरच्या कोपऱ्यावर मीठदाणी, खाली लोणच्याची बरणी,
आणि अ‍ॅमेझॉनच्या मुखाशी
परवा सांडलेल्या आमटीचा डाग.
"हे बेट असणार," ती म्हणाली.
भिंग आणून पाहिलं, तर खरंच बेट निघालं.
मग त्या बेटाला अख्खा आठवडा दिला.

ऋजुता बाणेरहून फोन करते.
बाबा, पॅकेज घ्या ना,
बारा दिवसांत सात शहरं, स्वयंपाकाला महाराज सोबत.
आईचा गुडघा सात शहरांत बसत नाही
हे सांगायचं दर वेळी राहून जातं.

रोज रात्री भांडी आवरली की एक गाव खोडायचं.
लाल पेन्सिल तीच,
उशिरा आलेल्या गाड्यांसाठी असायची ती.
पहिलं गाव खोडताना हात जड झाला,
फोटोत फार देखणं होतं.
आठव्यानंतर मजा येऊ लागली.
रिओ गेलं त्या रात्री
लेक दोन दिवस बोलली नाही.

नदीतून वर जायला बोटीला पाच दिवस लागतात.
डेकवर आपली झोळी टांगायची
आणि पडून राहायचं, बस्स.
सराव हवा म्हणून गॅलरीत,
कपड्यांच्या दोरीचे हुक होते त्यांनाच,
तुळशीबागेतून आणलेली झोळी बांधली.
धनकवडी, चौथा मजला.
पहिल्या दुपारी घड्याळ अकरा वेळा पाहिलं.
दुसऱ्या दुपारी ते कालिंदीनं ज्वारीच्या डब्यात पुरलं.
तिसऱ्या दुपारी
खालून कात्रजची गाडी गेली.
वेळेत होती की उशिरा,
कळलं नाही.

भाषेची वही तिच्याकडे.
चावी म्हणे तिकडे जवळपास चावीच,
काजू तर काजूच, मुळात झाडच तिकडचं,
आणि पगार म्हणजे पैसे चुकते करणं.
"म्हणजे दर एक तारखेला तुम्ही
पोर्तुगीज घेऊन घरी यायचात!"
हळूला शब्द आहे देवागार.
तिनं दोनदा म्हणून दाखवला.
मला ऐकू आलं देवघर,
उठून समई पाहून आलो.

आता पाच गावं उरलीत.
बाकी रकाने मोकळे, पांढरे,
आणि तेच मला झेपत नाही.
डेपोत मोकळ्या रकान्याला मेमो मिळायचा.
म्हणून काल, सहाव्या दिवसापासून दहाव्यापर्यंत,
वळणदार अक्षरात, पेन्सिलीनं,
शेऱ्यात लिहिलं: काही नाही.

तिनं खोडरबर घेतलं.
तेवढंही पुसलं.
चुरा विषुववृत्तावर पडला.
झटकणार होतो, राहू दिला.

पिवळ्या तापाची लस कुठे मिळते
त्याची उद्या सकाळी चौकशी करायची आहे.

परवा करू.