एक पायरी वरचा खण

डुलुथचं सरोवर गोठलं की
खनिजाच्या धक्क्यावर शुकशुकाट होतो.
मग दर गुरुवारी आम्ही डेल्फीनच्या तळघरात,
बॉयलरशेजारी, वाळत घातलेल्या मोज्यांखाली.
दिवसभर ती टपाल कचेरीत शिक्के मारते.
संध्याकाळी जग चालवते.

नियम तिचे नाहीत, पुस्तकाचे.
पुस्तक मात्र तिचं:
कणा चिकटपट्टीने जोडलेला, मंत्रांच्या पानावर सुपाचा डाग.

जादू येते म्हणजे काय, ती नव्या पोराला, वेंडेलला सांगते,
येते म्हणजे सकाळी निवडावी लागते.
तुझ्याकडे खण आहेत,
पहिल्या पायरीचे चार, दुसरीचे तीन, तिसरीचे दोन.
सकाळी जे भरशील तेच दिवसभर.
मंत्र टाकला, खण रिकामा.
आठ तास झोपल्याशिवाय भरत नाही,
आणि उसना कुणी देत नाही.

मंत्राला उच्चार लागतो, हातवारे लागतात,
शिवाय चिमूटभर काहीतरी.
आगीच्या गोळ्याला वटवाघळाची लेंडी नि गंधक.
वेंडेल हसतो. सगळे पहिल्यांदा इथेच हसतात.
तोंडात बोळा कोंबला, मंत्र नाही.
हात बांधले, मंत्र नाही.
पिशवी चोरीला गेली तर...
ती माझ्याकडे बघते.
मी चोर आहे. एरवी बर्फ उपसायचा ट्रक चालवतो.

तेवीस वर्षं आमचा जादूगार रूडी केटोला.
क्रेनवर दिवसभर अळीमिळी गुपचिळी,
इथे प्रत्येक मंत्राला स्वतःचे शब्द,
अर्ध्या आईच्या फिनिश शिव्या,
अर्धी क्रेनच्या सुट्या भागांची नावं.
तोंडची वाफ दवडू नको, डेल्फीन म्हणायची,
खण संपलेत तुझे.
बॉयलर बंद पडला की खरोखरच वाफ दिसायची.

ऑक्टोबरात त्याच्या डोक्यातली एक शीर फुटली.
उजवा हात गेला. शब्द गेले.
एक 'हो' उरलं आणि एक शिवी,
तीही बरेचदा 'हो'च्या जागी येते.

आज पहिल्यांदाच आला.
सायमीने त्याला एकेक पायरी उतरवलं
आणि स्वतः जिन्यावरच बसली, कोट न काढता.

दोन तास तो नुसता बघत होता.
मग पूल तुटला आणि मी पडलो,
दीडशे फूट, खाली खडक.
फासा कशाला टाकायचा? मी मेलोच होतो.

वेंडेल म्हणाला, रूडीने मंत्र टाकला असं समजू.
मीही म्हणालो, समजू या.
डेल्फीन पेन्सिल चावत राहिली.

रूडीने शिवी दिली.
ही 'हो'ची नव्हती.

डाव्या हाताने पुस्तक ओढलं, सुपाचं पान मागे टाकलं,
बोट ठेवलं. डेल्फीनने चष्मा लावून वाचलं:
मुका मंत्र. उच्चार नको, पण खण एक पायरी वरचा जातो.
बोट खाली सरकलं.
निश्चल मंत्र. हातवारे नकोत, आणखी एक पायरी.

म्हणजे पहिलीच्या मंत्राला तिसरीचा खण, ती म्हणाली,
आणि तोही सकाळीच तसा भरलेला हवा, रूडी.

सकाळी सहापासून भरतोय, सायमी जिन्यावरून म्हणाली.
खिशात बघा त्याच्या.

कागदावर डाव्या हाताची अक्षरं, पहिलीतल्या मुलासारखी.
तिसरीचे दोन खण. दोन्हींत तोच मंत्र,
पडणाऱ्याला सावरायचा.
बाकी सगळे कोरे.

नियमाप्रमाणे पीस लागतं.
जाकिटाची शिवण उसवली होती,
तिथून त्याने बदकाचं एक पीस उपटलं
आणि टेबलावर सोडलं.
बॉयलरच्या गरम हवेत ते बराच वेळ खाली येईना.

डेल्फीनने एक खण खोडला.
तू पोचलास, मला म्हणाली. ओरखडाही नाही.

रात्री अडीचला त्याच्या गल्लीत वळलो.
खिडकी अंधारी. आठ तासांतले चार झाले असतील.
घरासमोर ट्रकचं पातं वर उचलून घेतलं,
खरखर नको म्हणून.
तेवढ्या पट्ट्यातला बर्फ तसाच राहिला.
सकाळी तक्रार आली.