अकरा नोंदी

योएन्सू, फेब्रुवारी. नदीवर बर्फ, बर्फात भोक,
भोकाशी गळ टाकून कुणीतरी बसलंय,
सकाळपासून हललेलं नाही.

आम्ही तळघरात.
लेझरच्या चिमटीत मणी, मण्याला बांधलेली आरएनएची गाठ.
ओढून सोडवायची, वळू द्यायची, परत ओढायची.
हळू ओढली तर ती तळ्यात-मळ्यात खेळते
आणि खर्च येतो तेवढाच, जेवढा यायला हवा.
पण इतकं हळू ओढायला आयुष्य पुरत नाही.
म्हणून हिसका.
हिसक्यानं पाणी तापतं, इतकं थोडं
की त्याला तापणं म्हणायची लाज वाटावी.
तेवढं मात्र बुडीत खाती.

तीन हजार हिसके. याल्मारीनं सरासरी काढली,
साधी नव्हे, घातांकातली,
जिच्यात स्वस्तात सुटलेल्या फेरीला जास्त मतं.
सूत्र सांगतं: करा घाई, हरकत नाही,
सगळ्या घायांच्या पोटात तो संथ आकडा असतोच.

नव्हता.
तीन आठवडे ताळा जुळेना.
मणी बदलले. पंप बंद केला. लिफ्टही बंद ठेवायला लावली,
चौथ्या मजल्याची माणसं आम्हाला शिव्या देत जिने चढली.

मग औलिक्की, जी मणी धुते, नोंदी ठेवते
आणि मे महिन्यात निवृत्त होतेय,
हातमोजे काढता काढता म्हणाली,
“त्या अकरा धरल्यात ना?”
कुठल्या अकरा?
“ज्यांत गाठ आपणहून सुटत गेली. आपण ओढतोय तिकडेच,
आपल्या पुढे पुढे. अशक्य दिसत होतं.
मी केर म्हणून बाजूला काढल्या.”

बाजूला. फेकल्या नव्हत्या.
हिरव्या वहीत, पेन्सिलीनं, वेळेसकट:
अकरा वेळा पाण्यानं स्वतःच्या खिशातून भर घातली होती,
घेणेकऱ्यानंच उलट चार पैसे हातावर ठेवावेत तशी.

धरल्या. आकडा बसला.
याल्मारी काही बोलला नाही, पडद्याची काच
बाहीनं पुसत राहिला, ती स्वच्छच होती.

वर आलो तर बर्फावर खुर्ची रिकामी,
भोकावर साय धरू लागलेली.
औलिक्कीनं कोटाची बटणं अर्धीच लावली, थांबली.
“गुरुवारची एक आहे,” ती म्हणाली,
“तेव्हा मी शिंकले होते.
ती धरायची का?”