कोरी जागा एक

फळा सागवानी, साडेसात फूट,
सभागृहात व्यासपीठाच्या डाव्या अंगाला.
वर ठळक: अध्यक्ष. खाली नावं, सन ते सन.
पहिली सात माझ्या वडिलांच्या हातची,
पुढची चार माझी.
झगडे पेंटर, नाना पेठ. दुकान अजून तिथंच आहे,
पाटीवरचा 'झ' तेवढा उडालाय.

पहिले रावबहादूर किंजवडेकर.
राहता बंगला विकून विद्यापीठ काढलं, असं दर वर्धापनदिनी सांगतात.
वडील म्हणायचे, बंगला मेहुण्याचा होता.
दुसरे चौबळ, सतरा वर्षं.
फळा झाला तेव्हा हयात होते, काठी टेकत आले
आणि आडनावातला 'ळ' तीनदा पुसायला लावला.
तिसरे सोराबजी दुबाश, कॅम्पातले,
मराठी बेताचं, देणगी दणदणीत.
त्यांनी घड्याळाचा मनोरा बांधला,
तो पहिल्या दिवसापासून अकरा मिनिटं मागं.
चौथ्यांना पाचव्यांनी घालवलं, पाचव्यांना सहाव्यांनी,
कोर्टापर्यंत गेलं होतं सगळं.
फळ्यावर मात्र तिघं एका ओळंब्यात,
लग्नाच्या फोटोत उभे केल्यासारखे.

यंदा शताब्दी.
निबंधक कार्यालयातून फोन आला: जुना फळा उजळून द्या.
बारावं नाव तुम्ही नका घालू,
ते नव्या ॲक्रिलिकवर लेझरनं येणार आहे.
बरं म्हटलं.

शिडीवर चढलो, पंखे बंद करायला लावले
(वर्ख लावताना माणसानं श्वाससुद्धा बेतानं घ्यावा),
आणि सवयीनं पट्टी लावली.
दोन नावांत चार इंच, चार इंच, चार इंच,
सहाव्या-सातव्यात आठ.
खाली सन बघितले: एकाचा शेवट एकसष्ट,
दुसऱ्याची सुरुवात बासष्ट.
महिने लिहायची पद्धत नाही.
वडिलांची चूक? वडील जेवायला बसताना
पाटसुद्धा गुण्यात लावायचे.

रात्री माळ्यावरून त्यांची वही काढली.
ऑक्टोबर १९६२. अक्षर बारीक, शिसपेन्सिल:
'कु. रणभिसे बाई, प्रभारी. नाव घालू नये असा ठराव.
कोरी जागा एक. पंचाहत्तर नये पैसे.'

कोथरूडला तुळशीराम कुंजीर राहतात,
तिथले जुने शिपाई, नव्वदीच्या पुढचे.
ऐकू कमी येतं, आठवतं सगळं.
"पानशेत फुटलं ना, तवा सहावे सायेब
लेकीकडं गेले नागपूरला. राजीनामा तिकडनंच, ऑगस्टात.
बाई झाडापानांच्या प्रोफेसर.
चिखलातनं पदवीची रजिस्टरं उपसली त्यांनी,
फुलं दाबायच्या लाकडी फळ्या असतात बघा,
त्यात एकेक पान घालून वाळवलं.
मी टीपकागद बदलायचो. चौदा महिने.
तुमच्या साहेबांच्या सर्टिफिकिटाला आज पुरावा हाये
तो त्या पानांवर."
मी विचारलं, अध्यक्षांच्या खुर्चीत बसायच्या का?
"खुर्ची हुती कुठं? ती गेली संगमाकडं वाहत.
बाई स्टुलावर बसायच्या."

मी फळ्यावर नाव घातलं नाही.
ब्रश उचलला होता, खोटं कशाला बोलू.
पण वडिलांनी सोडलेली जागा
माझ्या हातानं भरायला मन होईना.
तेवढ्या पट्टीला पॉलिशचा एक हात जास्त दिला.
आता सकाळी पूर्वेची खिडकी उघडली
की अकरा नावांआधी ती रिकामी पट्टी चमकते
आणि बघणारा मान तिरकी करतो.

बिल नेऊन दिलं.
नावे अकरा. कोरी जागा एक.
अकाउंटची पोरगी नवीन होती, तिनं लाल गोल केला,
"काका, कोऱ्या जागेचे कसले पैसे?"
मी वहीचं पान तिच्यापुढं सरकवलं.
ती वाचत बसली, परत वरून वाचायला लागली.
मनोऱ्यात पाचाचे टोल पडले,
म्हणजे पाच वाजून अकरा.