थ्री फेज

शुक्रवारची उपासप्रार्थना.
बायका डावीकडे, माणसं उजवीकडे,
पुढे टेबलपंखा, तो फक्त पाळकांकडे बघतो.
मी मागे दाराशी बसतो, चपलांजवळ.
लोकांना वाटतं, दाविद वडील नम्र आहेत.
तिथून डीपी दिसते, प्रभो, एवढंच.

नवापूरहून लाइट अकराची सांगतात
आणि ती येते तिच्या मर्जीनं.
आज आली तेव्हा
एलियाभाऊच्या नातीसाठी मागणं चाललं होतं.
सिकलसेल. आठवीत आहे. नंदुरबारला भरती.
माझे डोळे खरंच भरले होते, तू बघितलंस.
तेवढ्यात पंख्याचा आवाज बदलला.

मी उठलो.
रिबकाबाईंनी एक डोळा उघडून बघितलं.
त्या डोळ्याला मी आजवर उत्तर देऊ शकलेलो नाही.

बॅटरी, पान्हा, बांधावरून विहीर.
स्टार्टर दाबला. मोटर आधी कण्हते, मग धरते.
व्हॉल्व्हला अकरा फेरे.
सावकाश म्हटली तर तेवढ्यात प्रभूची प्रार्थना होते,
पण सातव्या फेऱ्याला चाक अडकतं
आणि तिथं तोंडात प्रार्थना राहत नाही,
काय राहतं ते तू ऐकलंयस.

पाळक म्हणतात, काम हीच भक्ती.
माणूस चांगला आहे. व्हॉल्व्ह कधी फिरवलेला नाही.
मला विचारशील तर काम हे काम असतं.
गुडघ्यावर असलो की तू जवळ असतोस,
विहिरीवर साप असतो.

खालच्या फळीला मागच्या आठवड्यात थेंब गेला नाही.
तिथं आपली चारच घरं, बाकी वाघदेवाची.
पाइप विचारत नाही कोण कोणाचा.
मी विचारलं होतं, एकदा,
त्या जागेच्या भांडणानंतर.
दोन रात्री त्यांचा व्हॉल्व्ह आवळून ठेवला
आणि सकाळी बाया डोक्यावर हंडे घेऊन
नदीकडे जाताना बघितल्या.
इतक्या साक्षी दिल्या, ही दिली नाही.
त्या दोन रात्री
मी एकाही प्रार्थनेतून उठलो नव्हतो.
शेवटच्या आमेनपर्यंत बसलो होतो, पुढच्या रांगेत.

आता अडीच वाजलेत.
आत सगळे सतरंजीवर आडवे झालेत,
पाळकांच्या छातीवर चष्मा वरखाली होतोय.
अंगणातला नळ दोनदा खोकला,
आधी हवा, मग गढूळ, मग पाणी.

मुलीचं नाव मी निघाल्यावर घेतलं असेल.
मला ते माहीत नाही.
उठवून विचारू कोणाला?
एलियाभाऊची नात, आठवीतली.
तुला कळेल.

टाकी भरायला चार वाजतील.
तोवर मी इथंच आहे, दाराबाहेर,
पायात चपला घालूनच.