पाळीवरचा मोह

खैरटोल्यात रेंज एकाच ठिकाणी येते,
मोठ्या तलावाच्या पाळीवर, मोहाखाली.
आणि फोन उभा असेल तिथंच खूण पडते.
म्हणून नकाशाच्या पहिल्या आठवड्यात
सगळं गाव त्या मोहाखाली जमा झालं:
शाळा, दोन्ही बोअरिंग, रेशनचं दुकान,
मसणवट, बिसेनांची राइस मिल,
आणि ‘अठी अस्वल दिसला’ असं तीनदा.

मी ग्रामपंचायतीची संगणक परिचालक,
मानधन मार्चपासून अडकलेलं.
रात्री एकेक खूण उचलते,
जिची तिच्या जागी नेऊन ठेवते.
मसणवट नाल्यापलीकडे. शाळा आखराजवळ.
अस्वलाचं काय करू?
तीन अस्वलं, की तिघांना दिसलेलं एकच?
देवसू कुंभरेला विचारलं. तो म्हणाला,
‘अस्वलाले विचार.’

एक खूण मात्र हलवता आली नाही.
नाव लिहिलं होतं ‘माय’.
टाकणारा पाचवीतला टिकाराम.
मिरची तोडायला तेलंगणात गेलेली त्याची आई
रविवारी बोलते ती इथंच.
मी म्हटलं, बाबू, माणसं नकाशात टाकत नाहीत.
तो म्हणाला, मग अस्वल?
ठेवली.

सरकारी यादीत आमच्या बोड्या सहा.
रायवंता वलथरे म्हणते, सात.
वरून काढलेल्या फोटोत सातवीच्या जागी
उन्हाळ्यातली तपकिरी बांधी, नांगराच्या रेघा,
मुरारी कापगतेंची.
रायवंताच्या नातवानं निळी खूण टाकली: वडबोडी.
रात्री अकरा चाळीसला ती गेली.
सकाळी परत आली. पुन्हा गेली.
कोणी पुसलं ते नकाशा विसरत नाही,
पण सांगतो फक्त मला,
आणि मला तेल-मीठ आणायचं असतं
कापगतेंच्याच दुकानातून, उधारीवर.

शेवटी वैशाखात मी रायवंतासोबत निघाले.
फोन तिच्या हातात दिला, म्हटलं, चाल.
ती चालली, मागं रेघ उमटत गेली.
तुडुमाचा फुटका दगड तिनं पायानं उकरून दाखवला.
सलंग कुठं, ते तुरीच्या खुंटांवरून मोजून सांगितलं.
मग मध्येच सरळ वाट सोडून
तिनं मोठा वळसा घेतला,
‘अठी खोल होता’ म्हणाली,
आणि कोरड्या ढेकळांवर लुगडं वर खोचलं.
मी काही बोलले नाही.
रेघेनंही वळसा घेतला.

‘मासे लिहू?’
‘लिव्ह ना. डाडक, बोटरी, मरळ.
आता नाही म्हून का झालं?
नाव गेलं का त्याह्यचं?’

घरी येऊन रेघ जोडली तर फोन विचारतो,
प्रकार निवडा: पाणी की शेती.
हे दोनच रकाने मीच केले होते,
जानेवारीत, घाईघाईत.
वडबोडी तीन महिने ‘प्रलंबित’मध्ये पडून राहिली.

ऑगस्टात कापगते स्वतः पाळीवर आले,
छत्री मानेत धरून सात फोटो टाकले.
धान बुडालेलं, गुडघाभर पाणी,
एका कोपऱ्यात देवधान डोलतंय.
खाली लिहिलं,
‘माझ्या बांधीत पाणी साचले आहे,
प्रशासनाने त्वरित दखल घ्यावी.’

सातही खुणा नेहमीसारख्या मोहाखाली.
मी एकेक उचलून जागेवर नेली,
सातही रेघेच्या आत बसल्या.
फक्त शेवटच्या फोटोत
पाण्याचं माप दाखवायला रोवलेला बांबू
पुरुषभर बुडालेला,
तो वळशापाशी.

दोन्ही मान्य केलं मी,
त्यांचं नुकसान, तिची बोडी.
रंगांच्या यादीत एक रंग वाढवला,
थोडा धानाचा हिरवा, थोडा पाण्याचा निळा.
त्याला नाव अजून सुचलेलं नाही.
दाबणार होते ‘जतन करा’,
तेवढ्यात मोहाखाली आणखी एक अस्वल.