दोनशे सतरा विटा

नगरनिगमच्या माणसाने लाल रंगाने खूण केली तेव्हा
जास्वंद खुणेच्या आत राहिली, फाटक बाहेर.
साडेपाच फूट.
रस्ता रुंद करायचा होता. झालाही असेल;
राजेंद्रनगरात गाड्या अजून त्याच वळणावर अडतात.

जेसीबी नऊला आला, सव्वानऊला गेला.
छत्तीस वर्षं बँकेत दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या,
धूळ बसल्यावर विटा मोजायला बसलो.
अख्ख्या निघाल्या दोनशे सतरा.
भंगारवाला नगाला दीड रुपया म्हणाला,
मी दोनवर अडून राहिलो,
तेवढ्यात कुमुद आतून म्हणाली, विकू नका,
वाफ्यांना लावू.

चैत्रभर मग छिन्नीने जुनं सिमेंट सोलत होतो.
पंचाऐंशी साली यांचा ट्रक रात्री आला होता,
हमाल एकच, म्हणून आम्ही दोघंही उतरवायला,
थेट भट्टीतल्या, हाताला अजून गरम.
खोबणीत 'ह. ल.' आजही वाचता येतं.
कोण हा ह. ल., तेव्हा विचारलं नाही.
एकीवर घरनंबरातला नुसता चार उरलाय,
हिरव्या ऑइलपेंटचा.

नानूराम मानपूरचा. उकिडवा बसून
मातीचं ढेकूळ चुरडत म्हणाला,
'बाबूजी, काली मिट्टी है,
ये ईंट को बैठने नी देगी।'
खरंच. पावसात ती फुगते, वैशाखात अशी फाटते
की किल्ली पडली तर गेलीच.
म्हणून आधी वीतभर चर,
मुरूम, त्यावर चाळलेली वाळू, पाणी मारून धुमस,
मग दोरी.

मला तिरक्या हव्या होत्या, एकीच्या खांद्यावर दुसरी,
सरकारी बंगल्यात असतात तशा, करवतीसारख्या.
कुमुद म्हणाली, दात नकोत.
आणि सरळ तर नकोच.
रबरी नळी तिने जमिनीवर टाकली,
पायाने सरकवत जास्वंदीला वळसा दिला: अशी.

वीट काही वाकत नाही.
नानूरामने आतल्या बाजूने त्या एकमेकींना चिकटवल्या,
बाहेरून प्रत्येकीत बोटभर फट सोडली.
हाताचा अंगठा हेच त्याचं माप.
दहाव्या विटेला मी मागे सरकून पाहिलं,
नळी उचलली तरी वळण तिथेच होतं.

शेजारचे होतचंदानी कंपाउंडवरून बघत होते.
त्यांचेही पाच फूट गेलेत, त्यांनी केस केलीय.
म्हणाले, 'दीवार की क्यारी बना दी आपने?'
मी म्हटलं, हो, उंची तेवढी कमी केली.
ते हसले नाहीत. मीही नाही.

दोनशे सोळा बसल्या.
सतरावी कूलरच्या पायाखाली गेली होती, लक्षातच नाही.
तेवढी फट राहू दिली. नळी तिथूनच जाते,
रात्री एक बेडूकही.

'चार' मोगऱ्याच्या बाजूला आहे, जरासा तिरपा.
दर रविवारी मी लाकडी हातोडीने ठोकून सरळ करतो,
पुढच्या रविवारपर्यंत माती त्याला पुन्हा कलती करते.

या भिंतीवर कोपर टेकून कुमुद भाजी घ्यायची.
आता त्याच विटा ओलांडताना
साडी घोट्यापाशी उचलते, खाली बघतही नाही.
पण भाजीवाला गाडा अजून
जिथे फाटक होतं तिथेच थांबवतो,
भर रस्त्यात.
मागून हॉर्न वाजत राहतात,
आणि तो शांतपणे मेथी तोलत असतो.